पातळी

मी काही इंजिनिअर नव्हतो.
लाल-पांढऱ्या पट्ट्यांची बारा फुटी काठी
सरळ धरून उभं राहायचं, एवढंच काम.
दुर्बिणीमागून साहेब हात हलवायचे,
डावीकडे, आणखी जरा, हं, आता श्वास घेऊ नकोस,
आणि वहीत आकडा पडायचा:
टेकडी आज किती उरली.

सिएटल, एकोणीसशे नऊ.
शहराला चढ चढायचा कंटाळा आला होता.
घोडे गुडघ्यांवर पडत, ट्राम धापा टाकत यायची,
आणि नगरसेवक हॅनराटीनं गुत्त्यातल्या टेबलावर
मीठ सांडून, तळहातानं सारखं करून दाखवलं होतं:
"धंदा असा चालतो. सपाटीवर."
पोऱ्यानं फडक्यानं मीठ पुसलं.
ठराव पास झाला.

मग पंप आले.
नळाच्या तोफेमागे आर्वो लेहतिनेन उभा राहायचा,
कमरेला दोर, कानांत कापूस,
चर्चएवढी माती सकाळच्या पाळीत विरघळवायचा.
लाकडी पन्हळांतून टेकडी
गढूळ होऊन खाडीत जायची, दिवसरात्र.
डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात.
आम्हाला निघाली एक चिनीमातीची बाहुली,
एका जुन्या विहिरीचं कडं,
आणि रिकाम्या जागेचा भाव, चौरस फुटाला.

इंगेबोर्ग ट्वेट, विधवा, चार भाडेकरू ठेवायची.
त्यांतला एक मी.
तिला नोटीस आली: तुमच्याच पायाखालची जमीन काढण्याचा खर्च,
सहाशे चाळीस डॉलर, दहा हप्त्यांत, तुम्ही भरायचा.
तिनं ती वाचली. दोनदा.
मग तिच्यावर ओले बूट वाळत ठेवले.

तिच्या कुंपणाला हात लावायची परवानगी नव्हती,
म्हणून त्यांनी कुंपणाभोवतीचं सगळं नेलं.
रस्ता गेला. शेजारच्या याकोबसेनची गोठ्यासकट बाग गेली.
घर राहिलं, मातीच्या खांबावर,
ताटलीत उलटा ठेवलेला पेला असावा तसं.
भाडेकरू एकेक करून उतरले.
मार्चमध्ये मीही. ट्रंक दोरानं खाली सोडली,
ती वरून म्हणाली, "सावकाश, कडी सैल आहे."

एप्रिलात साहेबांनी पाठवलं:
खांबाच्या माथ्याची नोंद हवी.
काठी पाठीला बांधून शिडीनं चढलो.
तिनं कॉफी टाकली. अंगण आठ पावलांचं उरलेलं,
त्यात कोबी.
"किती भरली?" तिनं विचारलं.
"एकशे चार फूट. समुद्रापासून."
"आणि पूर्वी?"
मी वही चाळली. उगाच. मला पाठ होतं.
"एकशे चार."
ती हसली. मी तिला हसताना तेव्हाच पाहिलं.
"मग लिही तुझ्या वहीत,
मी कुठेही चढून बसलेली नाही."

लिहायला रकाना नव्हता.

पुढच्या नोव्हेंबरात बायकांना मत मिळालं.
हॅनराटी चिखलात येऊन उभा राहिला, टोपी छातीशी,
मान मागे टाकून ओरडला,
मिसेस ट्वेट, प्रगतीला तुमचा एक शिक्का!
वरून उत्तर आलं: "या ना, वर या. चहा घ्या."
त्यानं शिडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे.
आर्वोनं नळ बंद केला होता, गंमत ऐकायला.
तेवढी पाच मिनिटं टेकडी वाहायची थांबली.

शेवटी ती उतरली. कोर्टानं उतरवली,
की गुडघ्यांनी, नक्की कुणी सांगत नाही.
बॅलार्डला बहिणीकडे गेली, कोबीचे दोन गड्डे घेऊन.
खांब दीड दिवसात वाहून गेला.
शेवटचं माप मीच धरलं. हात हलला,
साहेब चिडले, दुसऱ्यांदा घ्यावं लागलं.

आता तिथे मोटारींचं गॅरेज आहे, वर कचेऱ्या.
पाचव्या मजल्यावर एक दंतवैद्य बसतो.
दाढ काढायला गेलो तेव्हा खुर्चीत मागे रेलल्यावर
मनात हिशेब केला:
इथेच कुठेतरी तिची चूल.
"दुखतंय?" त्यानं विचारलं.
तोंड उघडं होतं, सांगता आलं नाही.

काठी अजून घरी आहे, दाराआड.
नातू तिनं सफरचंदं पाडतो.